एकच सोनाटा, वेगवेगळे हात: तुम्ही कुणाचा ऐकता?

लेथवाला
शनिवार, रात्री ११.५२

उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक म्हातारं शेपर. दिवसभर कानावर जे पडतं त्याला संगीत म्हणणारा अजून जन्माला यायचाय. घरात मात्र वडिलांमुळं गाणं होतं. ते देवल क्लबात कार्यक्रम ऐकायला सायकलवरनं जायचे आणि येताना अर्धा राग बरोबर घेऊन यायचे. केसरबाई, मोगूबाई, मन्सूर यांच्याबद्दल आमच्याकडं नात्यातल्या माणसांसारखं बोललं जायचं. पियानो म्हणजे हिंदी सिनेमात पार्टी चालू असताना हिरो तोंड पाडून वाजवतो ते, एवढीच ओळख.

सहा वर्षांमागं लक्ष्मीपुरीत एका रद्दीवाल्याकडं जुनी मशीन मॅन्युअल्स चाळताना एक एलपी हाताला लागली. पिवळं लेबल, कव्हराचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला. वर वाजवणारा विल्हेल्म केम्फ, लिहिणारा बेथोव्हन, आणि पथेटिक, मूनलाइट ही त्याच्या दोन सोनाट्यांची नावं. सोनाटा म्हणजे पियानोसाठी लिहिलेली लांब रचना. ४० रुपयांना घेतली. वडिलांच्या रेकॉर्ड प्लेअरचा बेल्ट सैल झाला होता. माप घेऊन भलत्याच मशीनचा बेल्ट बसवला, चालला.

पहिल्या दिवशी काही कळलं नाही. मूनलाइटची सुरुवात आलापीसारखी वाटली म्हणून बसून राहिलो. तिसरा भाग आला तेव्हा पत्र्याच्या शेडवर गारा पडायला लागल्या की माणूस जसा वर बघतो, तसं वर बघितलं. खरी गंमत पुढं झाली. महिन्याभरानं मोबाइलवर तोच सोनाटा दुसऱ्या कुणीतरी वाजवलेला लागला. सूर तेच, एक जास्त नाही की कमी नाही, आणि तरी हा तो नव्हता. केम्फच्या मूनलाइटमधला माणूस एकटा बसलाय आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. ह्या दुसऱ्यातला एकटा बसलाय आणि सारखा दाराकडं बघतोय.

माझ्या धंद्यात एका ड्रॉइंगवरनं दहा कारागिरांनी दहा पीस काढले तर दहाही सारखे यावे लागतात. दोन-चार मायक्रॉन इकडंतिकडं झालं की माल परत. इथं ड्रॉइंग दोनशे वर्षं तेच, पीस प्रत्येकाचा वेगळा, आणि गिऱ्हाईक खूश! ह्या गौडबंगालात माझी सहा वर्षं गेली.

सध्या अडकलोय शूबर्टच्या शेवटच्या सोनाटात. बी फ्लॅट मेजर, यादीतला नंबर डी ९६०. १८२८ च्या सप्टेंबरात लिहून पुरा केला आणि १९ नोव्हेंबरला गडी गेला. वय ३१. सुरुवातीला एक साधी, सावकाश चाल आहे. भजनाआधी चार माणसं पुटपुटत सूर धरतात ना, तशी. ती थांबते, आणि डाव्या हाताला, पार खर्जात, अगदी हळू एक ट्रिल येते. दोन शेजारचे सूर नुसते थरथरतात. आमच्या मागच्या गल्लीत फाउंड्री आहे. पहाटे भट्टीचा ब्लोअर चालू झाला की ते आधी कानाला नाही, पायाला कळतं. अगदी तसं. मग शांतता. मग चाल पुन्हा सुरू होते, मधे काही झालंच नाही अशा थाटात.

ही एवढी एक ट्रिल मी माझ्याकडच्या, वेगवेगळ्या पियानोवाल्यांच्या सगळ्या रेकॉर्डिंगांत ऐकली. वहीत नोंदी आहेत. रिख्टर (१९७२) चाल इतकी सावकाश घेतो की नुसता पहिला भागच २४ मिनिटांच्या वर जातो. त्याची ट्रिल म्हणजे पन्हाळ्यापलीकडं कुठंतरी ढग. केम्फची घरातली आहे, शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली असं वाटतं. श्नाबेलचं रेकॉर्डिंग १९३९ चं, त्यात तबकडीची खरखर आणि ट्रिल एकात एक मिसळतात. कुठं काय संपतं हे मला अजून सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडतं.

आता भांडणाचा मुद्दा. ह्या भागात सुरुवातीचा मोठा तुकडा परत वाजवायची खूण आहे. परत फिरण्याआधी नऊ बार (तालाची छोटी आवर्तनं म्हणा) असे आहेत की ते रिपीट घेतला तरच ऐकू येतात, पुढं पुन्हा कधीच नाहीत. आणि त्यातच ती ट्रिल एकदा, फक्त एकदा, पूर्ण जोरात फुटते. केम्फ आणि उचिदाबाई रिपीट घेतात, त्यांचा भाग २१-२२ मिनिटांचा होतो. ब्रेंडेल घेत नाहीत, १४-१५ मिनिटांत भाग पुरा. त्यांचं म्हणणं, ते नऊ बार बाकीच्या रचनेशी फटकून आहेत. माझं म्हणणं, म्हणूनच ते हवेत. पण मी पडलो लेथवाला.

तर मंडळी, तुम्ही कुणाचे सोनाटे ऐकता, कशावर, कधी? कोल्हापुरात ह्या विषयावर बोलायला मला माणूस मिळत नाही. शेजारी म्हणतो, मशीनला तेल घाला.

पांढरा_रस्सा
रविवार, सकाळी ८.१०

लेथवाले, लिहिलंय लय भारी. पण खरं सांगू का, आत्ता मिसळ खाता खाता तुमचे ते रिख्टर आणि ब्रेंडेल दोन्ही लावले. एक हळू, एक जरा कमी हळू. बाकी फरक शून्य. अहो, समोर लिहिलेलंच वाजवायचं असंल तर त्यात कलाकाराचं काय? झेरॉक्स ती झेरॉक्स. आमचा गवई यमन मांडतो तो तिथल्या तिथं डोक्यातनं काढतो.

आणि ती खर्जातली ट्रिल का काय, मला दोन्हींत ऐकूच आली नाही. तिथं नुसती शांतता हाय. भट्टी तुमच्या कानात बसलीय.

वाटसरू_गगनबावडा
रविवार, सकाळी ९.०२

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

मिरजेची_तार
रविवार, सकाळी १०.३५

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे होतात, त्यामुळं माझी तक्रार वेगळी आहे. पियानोचा गांधार. सप्तकाचे बारा सारखे तुकडे करायच्या नादात त्यांनी सगळेच सूर थोडे थोडे सरकवून ठेवलेत. पंचम जवळजवळ जागेवर असतो, पण शुद्ध गांधार १४ सेंट चढा. म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. तंबोऱ्यातनं जो गांधार आपोआप ऐकू येतो तो एकदा कानात बसला की पियानोचा बोचतो. तुमचा शूबर्ट थोर असेल, पण मला पहिल्याच मेजर कॉर्डला, म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजतात तिथं, दात शिवशिवल्यासारखं होतं.

वडील म्हणायचे, पेटीवाल्याला घरात घ्यावं, पेटीला नाही.

लेथवाला
रविवार, सकाळी ११.१५

@मिरजेची_तार, तंबोरा ऐकून लगेच पियानो लावू नका, एवढाच उपाय आहे माझ्याकडं. मधे एक चहा घ्यावा. मला पहिलं वर्षभर बोचला, नंतर कानानं तडजोड केली. तडजोड म्हणा नाहीतर भ्रष्टाचार म्हणा.

@पांढरा_रस्सा, कशावर ऐकलंत?

पांढरा_रस्सा
रविवार, सकाळी ११.२१

फोनवर. ताटाशेजारी ठेवून. का?

काळीपांढरी
रविवार, दुपारी ३.४०

सहसा फक्त वाचते, पण झेरॉक्स म्हटल्यावर राहवलं नाही.

मी लहानपणी इथंच कोल्हापुरात पियानो शिकले, एका म्हाताऱ्या बाईंकडं. त्यांच्याकडं उभा पियानो होता, त्याच्या वयाबद्दल बोलायची सोय नव्हती. आपल्याकडचा पावसाळा पियानोला सोसत नाही. आतली लाकडी फळी दमट हवेनं फुगते आणि सूर चढतात, तेही सगळे सारखे नाहीत, मधले जास्त. आषाढात दोन पट्ट्या खाली गेल्या की वर यायच्याच नाहीत, बाई त्या नखानं उचलायच्या आणि पुढं वाजवायच्या. एकदा बाहेरगावचा ट्यूनर आला, त्यानं घाईत एक तार इतकी ताणली की तुटली, आणि पैसे घेऊन गेला तो गेलाच. त्या सुराच्या तीन तारांतल्या दोनच उरल्या. शिकले ते ह्याच्यावर.

आता मुद्दा. पियानोत हातोडी तारेवर पडली की त्या सुरावरचा तुमचा ताबा संपला. मींड नाही, आंदोलन नाही, सूर लावल्यावर फुलवता येत नाही. तो त्या क्षणापासून विझतच जातो. गाणाऱ्याच्या हातात असतं ते जवळजवळ काहीच नाही. तरीही सूर गातोय असं वाटायला लावायचं. बाई म्हणायच्या, ही निव्वळ फसवणूक आहे आणि ती नीट शिकायला वीस वर्षं लागतात.

मूनलाइटचा पहिला भाग घ्या. उजव्या हातात तीन तीन सुरांची झुळझुळ चाललेली असते ना, त्याच हाताच्या करंगळीनं वरची चाल वाजवायची असते. एका हाताची चार बोटं दबक्या आवाजात आणि करंगळी तेवढी बोलती. ती किती बोलती ठेवायची हे कागदावर नाही. कॉर्डमधल्या चार सुरांतला कुठला पुढं काढायचा, नाही. दोन वाक्यांमधे श्वास किती, नाही. 'हळू' म्हणजे किती हळू, तेही नाही. बत्तीस सोनाट्यांपैकी हॅमरक्लाविअर नावाच्या एकालाच बेथोव्हननं मेट्रोनोमचे, म्हणजे वेग मोजायच्या टिकटिक यंत्राचे, आकडे दिलेत, आणि ते इतके वेगवान आहेत की पियानोवाले तेव्हापासून त्यांच्याशी भांडतायत.

त्यात पुन्हा पेडल. पट्टी सोडली की तारेवर एक गादी येऊन बसते आणि सूर बंद होतो. पेडल दाबलं की सगळ्या गाद्या उचलल्या जातात, मग वाजलेल्या सुराबरोबर न वाजवलेल्या ताराही झंकारतात. @मिरजेची_तार, तुमच्या सतारीच्या तरफा त्याच. मूनलाइटच्या पहिल्या भागावर बेथोव्हननं स्पष्ट लिहिलंय, सगळा भाग अगदी नाजूकपणे आणि गाद्यांशिवाय वाजवायचा. १८०१ च्या पियानोत सूर लवकर विझायचा, त्यामुळं ते खपून जायचं. आजच्या पियानोवर तसं केलं तर सगळा चिखल होतो, म्हणून बहुतेक जण पेडल सारखं बदलत राहतात. आंद्राश शिफ मात्र हटून बसले. पेडल दाबलेलं ठेवतात आणि चालही लोकांच्या सवयीपेक्षा चढी घेतात. ते एकदा ऐका आणि लगेच केम्फ ऐका. मग झेरॉक्सवर बोलू.

(चांदण्याचा बेथोव्हनशी काही संबंध नाही हेही सांगून टाकते. रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला त्यात सरोवरावरचं चांदणं दिसलं आणि पुढं ते नाव चिकटलं. तो कोल्हापुरात असता तर रंकाळा सोनाटा झाला असता.)

पांढरा_रस्सा
रविवार, दुपारी ४.०५

ताई, दंडवत. झेरॉक्स शब्द मागं घेतो. पण एक सांगा, सोनाटा म्हणजे नेमकं काय? आमच्याकडं बडा ख्याल, छोटा ख्याल, असा काही हिशेब असतो का?

काळीपांढरी
रविवार, सायंकाळी ५.३०

तीन-चार भाग असतात, त्यातला पहिला बहुधा एका ठरावीक वळणाचा. आपल्याला त्यात परकं वाटतं ते एकच: त्यांचा सा घर बदलतो. आपल्याकडं तंबोरा लागला की मैफल संपेपर्यंत सा जागचा हलत नाही. इथं पहिली चाल आपल्या सा मधे होते, मग वाट काढत काढत पंचमाला सा मानून दुसरी चाल येते. मधे बराच वेळ भटकंती, सा कुठं आहे तेच कळू नये अशी. शेवटी पहिल्या घरी परत, आणि दुसरी चालही आता ह्याच घरात. सून माहेर सोडून नांदायला आली म्हणा.

मोत्सार्टचा के ५४५ नंबरचा सोनाटा घ्या. १७८८ चा, त्यानं स्वतः यादीत नवशिक्यांसाठी म्हणून लिहिलेला. प्रत्येक पोराच्या हातनं मोडतोड झालेला सोनाटा. त्यातही गड्यानं लबाडी केलीय. पहिली चाल परत येते तेव्हा आपल्याला वाटतं घरी आलो, पण ती मध्यमाला सा करून आलेली असते. शेजारच्याच्या घरात शिरून चप्पल काढल्यासारखं. मी हे दोन वर्षं वाजवत होते आणि मला पत्ता नव्हता. रेकॉर्ड ऐकताना कळलं.

दूधकट्टा
रविवार, रात्री ९.४८

गंगावेशीत दूध पिऊन आलो आणि धागा बघितला. घराण्यावर कुणीच कसं बोलत नाही?

बेथोव्हनचा शिष्य चेर्नी. चेर्नीचा शिष्य लेशेटिट्स्की. लेशेटिट्स्कीचा शिष्य आर्तुर श्नाबेल. म्हणजे बेथोव्हनपासून चौथी गादी. ह्याच श्नाबेलनं ३२ च्या ३२ सोनाटे पहिल्यांदा रेकॉर्ड केले, १९३२ ते १९३५, लंडनच्या अ‍ॅबी रोडवर. आधी वर्गणीदार गोळा करून मग तबकड्या काढल्या, आपल्याकडं दिवाळी अंकाला करतात तसं.

आता दुसरी फांदी. चेर्नीचाच शिष्य लिस्ट. लिस्टचा शिष्य क्राउझे. क्राउझेचा शिष्य क्लाउडिओ आराउ. म्हणजे आराउ पाचवी गादी. श्नाबेल आणि आराउ दोघंही एकाच खोडाचे. आणि दोघांचं काहीही जुळत नाही! श्नाबेल अंगात आल्यासारखा पुढं पळतो, आराउ प्रत्येक सूर जमिनीत पाय रोवून वाजवतो. आमच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्यात केसरबाई, मोगूबाई आणि मन्सूर तिघांची गायकी वेगळी, पण डोळे मिटून ऐकलं तरी घर एकच आहे हे कळतं. ह्यांच्यात ते कळत नाही. म्हणजे घराणं कागदावरचं का?

एक अजून. खाँसाहेबांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. आपण त्यांना शिष्यांच्या गळ्यातनं ऐकतो. बेथोव्हनचंही तेच, फक्त शिष्याऐवजी कागद.

काळीपांढरी
रविवार, रात्री १०.१२

@दूधकट्टा, म्हणूनच घराणं पातळ झालं असेल. ज्यांचा गुरू समोर बसलेला असतो ते गुरूसारखे होतात. ज्यांच्यासमोर कागद असतो ते प्रत्येक जण थेट बेथोव्हनशीच बोलतो असं समजतात.

लेथवाला
रविवार, रात्री ११.३०

श्नाबेलचं नाव काढलंत, आता झोप नाही.

त्या काळी तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची. तेवढ्यात जेवढं बसेल तेवढं वाजवायचं, थांबायचं, तबकडी बदलायची, पुन्हा तोच दम धरून पुढं. हॅमरक्लाविअरचा तिसरा भाग विचारात घ्या, पाव तासाच्या वरचा, अतिसावकाश. त्याचे असे तुकडे करून वाजवलाय. आज सगळं सलग जोडलेलं मिळतं, पण मी शिवण शोधत बसतो. काही ठिकाणी सापडते. वाक्य संपतं तिथं श्वास जरा मोठा लागतो, खरखरीचा पोत बदलतो.

आणि त्यात चुका आहेत. ढळढळीत. बेथोव्हनच्या त्या अचाट आकड्यांच्या मागं लागून श्नाबेल हॅमरक्लाविअरचा पहिला भाग असा सोडतो की मधे मूठभर सूर सांडतात. तेव्हा कापून जोडायची सोय नव्हती. बाजू बिघडली तर सगळी बाजू पुन्हा. तरी ठेवलं. माझ्या कामगाराला ऐकवलं, तो म्हणाला, मालक, हा जॉब रिजेक्ट. मी म्हटलं, बाबा, हा मास्टर पीस, ह्याच्यावरनं बाकीचे मापायचे.

उलट पोलिनी. १९७५ ते ७७ मधे शेवटचे पाच सोनाटे रेकॉर्ड केले, ते ऐका. एक सूर सांडत नाही. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मशीनवर काढल्यासारखं, आणि हे मी नावं ठेवायला म्हणत नाही. माझ्या खात्यात सीएनसी नाही म्हणून जळतो.

अर्धा_कप
सोमवार, सकाळी ७.५५

माझं दुःख ऐका. बेथोव्हनच्या अपॅशनाटा सोनाट्याचा दुसरा भाग, शांत, प्रार्थनेसारखा. शेवटी अपेक्षित कॉर्ड येतच नाही, एक वाकडी, लटकती कॉर्ड येते. आधी हळू, मग कडाडून, आणि तिथनं न थांबता तिसरा भाग अंगावर येतो. बेथोव्हननं मुद्दाम मधे फट ठेवली नाही. मी फुकटातलं अ‍ॅप वापरतो. कॉर्ड लटकली, माझा श्वास लटकला, आणि आवाज आला: "पैशांची गरज आहे? पाच मिनिटांत कर्ज!"

त्या दिवसापासनं डाउनलोड करूनच ऐकतो.

लेथवाला
सोमवार, सकाळी ८.२०

आई गं.

दूधकट्टा
सोमवार, दुपारी १.१५

ग्लेन गूल्डवर कुणी बोलणार आहे का मी बोलू? मोत्सार्टचे सगळे सोनाटे रेकॉर्ड केले, आणि वर म्हणायचा की मोत्सार्ट लवकर नाही, उशिरा मेला. के ३३१ ची सुरुवात इतकी रेंगाळत घेतो की वाटतं फोन हँग झालाय. मग प्रत्येक व्हेरिएशनला, म्हणजे तीच चाल नव्या रूपात आली की, वेग वाढवत नेतो. मला हा शुद्ध आगाऊपणा वाटतो. त्यात वाजवताना स्वतः गुणगुणतो, ते रेकॉर्डमधे ऐकू येतं.

काळीपांढरी
सोमवार, दुपारी २.००

गुणगुणण्याला नावं ठेवू नका. आपल्याकडं तबलजी मान हलवतो, साथीदार वाहवा म्हणतो, तेही रेकॉर्डमधे असतंच की. आणि के ३३१ विलंबितापासून द्रुताकडं नेणं आपल्याला तरी खटकू नये!

बाकी हाच गूल्ड, ज्याला शूबर्ट सोसत नव्हता, १९५७ मधे मॉस्कोत रिख्टरनं वाजवलेला डी ९६० ऐकून जागेवर खिळून बसला होता. अतिसावकाश, रिपीटसकट. त्याचं त्यानंच सांगितलंय. @लेथवाला, तुमच्या नऊ बारांना एक साक्षीदार.

मिरजेची_तार
सोमवार, दुपारी ४.४५

धाग्याला फाटा फोडतो, माफ करा. १९७७ मधे व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी आकाशात गेली, तिच्यावर आपल्या केसरबाईंची भैरवी आहे आणि ग्लेन गूल्डनं वाजवलेला बाखही आहे. बेथोव्हनचीही दोन कामं आहेत, पण पियानो सोनाटा एकही नाही.

म्हणजे तिथं शुद्ध गांधार आणि चढा गांधार एकाच तबकडीवर. सूर्यमालेबाहेर गेल्यावर कोण तक्रार करतंय.

रात्रपाळी
मंगळवार, पहाटे ४.१०

मी नर्स आहे. तीन ते चारमधे वॉर्ड जरा निवतो, तेव्हा एका कानात इअरफोन. माझा एकच सोनाटा आहे, ओपस १११, बेथोव्हनचा शेवटचा. दोनच भाग. पहिला सगळा आदळआपट, दुसरा एक साधी चाल आणि तिच्यावरची व्हेरिएशन्स. तिसऱ्या व्हेरिएशनला ती चाल चक्क उड्या मारायला लागते. पहिल्यांदा वाटलं दुसरंच गाणं लागलं. हे १८२२ चं आहे आणि तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं.

शेवटाकडं उजव्या हाताला एक लांब ट्रिल आहे, पार तारसप्तकात. लेथवाल्यांची खर्जातली, माझी ही वरची. बल्ब जायच्या आधी बारीक वाजतो ना, तशी. उचिदा आणि पोलिनी दोन्ही ऐकलेत. पोलिनी दिवसा. रात्री उचिदा.

बेल वाजली, जाते.

लेथवाला
मंगळवार, सकाळी ७.३०

@रात्रपाळी, आज दुकान उघडायच्या आधी १११ ऐकणार.

@पांढरा_रस्सा, तुम्हाला ट्रिल ऐकू आली नाही त्याचं कारण काल रात्री सापडलं. मी पण फोनच्या स्पीकरवर लावून बघितलं. नाहीच येत! एवढा खालचा सूर त्या चिमुकल्या स्पीकरमधनं निघतच नाही. तिथं खरोखर शांतता आहे. तुमचे कान शाबूत आहेत, माझेही आहेत. बेस असलेल्या कशावर तरी लावा एकदा. आणि रिपीटवालं लावा.

पांढरा_रस्सा
बुधवार, रात्री १०.४०

लावलं.

आमच्या जुन्या गाडीत मागं बेसचा डबा हाय, लग्नाच्या वरातीसाठी बसवलेला. संध्याकाळी रंकाळ्याला गाडी लावली. मंडळी भेळ आणायला गेलेली, धाकटा मागच्या सीटवर डब्याला टेकून. उचिदाबाईंचं लावलं. चाल झाली. थांबली. आणि खालनं ते आलं. काचेला हात लावला तर काच हलत होती.

धाकटा मागनं म्हणतो, "पप्पा, बेअरिंग गेलंय काय ओ?"

म्हटलं, गाडी बंद हाय. तो म्हणतो, मग कुठनं यायलंय? म्हटलं, डाव्या हातानं वाजवायलेत. तर पोरगं डब्यावर कान लावून बसलं, म्हणतंय परत येऊ दे. चार-पाच मिनिटांनी तुमचे ते नऊ बार आले आणि ट्रिल जोरात फुटली, तेव्हा शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून बघितलं. भेळ गार झाली, म्हणजे भेळ गारच असते, पण मंडळी तापली.

मला अजून चाल फार कळली असं नाही. पण ब्रेंडेलसाहेबांनी ते गाळायला नको होतं, एवढं कळलं.

लेथवाला
बुधवार, रात्री १०.५८

आता त्याच जागी केम्फ लावा. पोराला घेऊन जा, आणि बेअरिंग तेच आहे का विचारा.